सुझुमेदाईतील गुन्हेगारीत शंभर टक्के वाढ

जिथे काहीच घडत नाही, तिथे पहारा सर्वात कडक ठेवावा लागतो. ज्या वस्तीत रोज घरफोड्या होतात, तिथली माणसं कडीकुलूप लावून निवांत झोपतात, कारण काय होणार ते त्यांना माहीत असतं. पण जिथे वर्षानुवर्षं काहीच झालेलं नाही, तिथे काहीही होऊ शकतं. तोक्योपासून रेल्वेने तासाभरावर असलेली आमची सुझुमेदाई ही वसाहत या दृष्टीने अत्यंत धोकादायक होती.

वसाहत बांधली तेव्हा सगळे रहिवासी पस्तिशीचे होते. आता सगळे सत्तरीच्या आसपास आहेत. घरांना एकच रंग आहे, कचरा ठरलेल्या वारी ठरलेल्या जाळीखाली ठेवला जातो, आणि तो उचकणारे कावळेसुद्धा सुट्टीच्या दिवशी येत नाहीत. रोज पाच वाजता मुलांनी खेळ थांबवून घरी जावं म्हणून नगरपालिकेच्या भोंग्यावर एक धून वाजते. (वसाहतीत आता मोजकी मुलं उरली आहेत. धून मात्र पूर्वीच्या सगळ्यांना पुरेल एवढ्या मोठ्याने वाजते.)

अशा या वसाहतीत एबिसावा नोरित्सुगु निवृत्त झाले. त्यांनी आयुष्यभर लिफ्टची सुरक्षा तपासण्याचं काम केलं होतं. म्हणजे जी गोष्ट पडत नाही, ती पडत नाहीये ना, हे पाहून सही करायची. त्यांच्या सहीची एकही लिफ्ट कधी पडली नाही आणि त्यामुळे त्यांचं नाव कधी कुणाला कळलं नाही. निवृत्तीनंतर ते घरी बसले आणि घर तपासू लागले. फ्रिजच्या दाराचं रबर, न्हाणीघरातली फरशी, टॉवेल वाळत घालण्यातला तिरकेपणा. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पत्नी सुमिएबाईंनी त्यांचं नाव रहिवासी मंडळाच्या गुन्हे प्रतिबंध समितीत देऊन टाकलं.

"अहो, तुमच्यासारख्या माणसाची वस्तीला गरज आहे," त्या म्हणाल्या.

"आणि तुला?"

"मला वस्तीची काळजी आहे."

समितीने त्यांना अंधारात चमकणारं हिरवं जाकीट दिलं. शिवाय दंडाला बांधायची पट्टी, लाल दिव्याचा दंडुका आणि शिट्टी. (शिट्टी वाजवण्यापूर्वी अध्यक्षांची परवानगी घ्यावी, असा नियम होता. अध्यक्ष दूर असल्यास त्यांना बोलावण्यासाठी काय वाजवावं, याबाबत नियम मौन बाळगून होते.) जाकीट चढवून एबिसावा आरशापुढे उभे राहिले तेव्हा आरशात एक महत्त्वाचा माणूस दिसला. त्यांची आणि त्याची ही पहिलीच भेट.

पुढे नगरपालिकेने समिती सदस्यांसाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग घेतला. विषय होता, 'आपल्या परिसरातील गुन्हेगारीचे कल समजून घेताना'. एबिसावा पहिल्या रांगेत बसले. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की सुट्या सुट्या गुन्ह्यांकडे पाहू नका, कलाकडे पाहा. मागून कुणीतरी विचारलं की आमच्याकडे वर्षाला एकच गुन्हा होतो, तर कल कुठून पाहायचा. त्याला खाली बसायला सांगण्यात आलं.

एबिसावांनी मात्र घरी येताच आमच्या वसाहतीचे आकडे मांडले. गेल्या वर्षीचा एकूण गुन्हा: एक सायकल, दातांच्या दवाखान्यासमोरून. (ती नंतर स्टेशनबाहेर मिळाली, मालक स्वतःच तिथे विसरला होता. पण एकदा नोंदवलेला गुन्हा सायकल मिळाली म्हणून मागे घेता येत नाही.) यंदाचे गुन्हे: दवाखान्यातूनच एक पारदर्शक छत्री, आणि सातव्या गल्लीतल्या कुनिएदा आजींनी ओसरीच्या वळचणीला वाळत टांगलेले तीन मुळे.

गेल्या वर्षी एक, यंदा दोन. एबिसावांनी आलेख काढला. एक खांब छोटा, दुसरा त्याच्या दुप्पट. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष होंगो यांनी आलेख मोठ्या कागदावर काढायला लावला, दुसरा खांब लाल रंगवून घेतला आणि वर ठळक मथळा दिला: 'सुझुमेदाईतील गुन्हेगारीत शंभर टक्के वाढ'. घरोघर हातोहात फिरणाऱ्या सूचनाफलकावर डकवला जाऊन तो आमच्या दारांत येऊन पोचला.

"शंभर टक्के?" निवृत्त मुख्याध्यापिका उकाईबाई म्हणाल्या. "म्हणजे आता व्हायचं काय शिल्लक राहिलं?"

त्या आठवड्यात वसाहतीत इतकी कुलपं विकली गेली की दुकानदाराने स्वतःच्या दुकानाला नवं कुलूप बसवलं. ज्यांच्याकडे नेण्यासारखं काही नव्हतं, त्यांनी खिडक्यांना गज बसवले. निदान आता गज तरी होते. होंगोंनी नगरपालिकेकडे चार कॅमेऱ्यांची मागणी केली. वळचणीचे मुळे घरात आले आणि घराघरांत वाळत्या मुळ्यांचा तो वास सुटला. त्याविषयी इथे अधिक लिहिणं उचित नाही.

एबिसावा सुखात होते. रस्त्यात लोक थांबवून विचारत, "एबिसावासान, कल काय म्हणतोय?" आणि ते आभाळाकडे पाहून, हवामान सांगावं तसं सांगत, "चढता."

*

कल चढता असल्यामुळे पोलिसांच्या फोनवरच्या सावधान-संदेशांकडे आम्ही बारीक लक्ष देऊ लागलो. संशयास्पद इसम दिसला की कुणीही कळवायचं आणि तो संदेश सगळ्यांच्या फोनवर जायचा. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीचे काही संदेश असे:

'दुपारी, मैदानाजवळ. अंदाजे साठीचा पुरुष. शाळकरी मुलाला "थंडी पडली, नाही?" असं म्हणून निघून गेला.'

'सकाळी, बसथांब्यावर. वृद्ध स्त्री. अनोळखी मुलीला संत्रं देऊ केलं. मुलगी सुखरूप आहे. संत्रं ताब्यात.'

'संध्याकाळी, तिसरी गल्ली. पुरुष. कुंपणावरून फुलांकडे पाहत होता. हसला.'

इथे एक तात्त्विक अडचण उभी राहिली. वर्गात शिकवलं होतं की दिसेल त्याला नमस्कार करा, कारण ज्या वस्तीत लोक एकमेकांशी बोलतात तिथे चोर फिरकत नाही. आणि संदेश सांगत होते की जो बोलतो तो संशयित. समितीने तीन बैठका घेऊन तोडगा काढला: बोलावं, परंतु जाकीट घालून बोलावं. जाकीट घातलेल्याने 'थंडी पडली, नाही?' म्हटल्यास ती गस्त समजावी. विनाजाकीट म्हटल्यास कळवावं.

परिणाम असा झाला की सगळ्यांनाच जाकीट हवंसं झालं. शेजारणीला गुडघेदुखीचं विचारायचं तरी जाकीट. दोन जुने मित्र बाकावर बसून गप्पा मारताना दिसले आणि त्यांतल्या एकाचं जाकीट धुवायला टाकलेलं होतं, तर दुसरा एकटाच बोलत असे. नाताळाच्या आधीच वसाहतीतली जवळजवळ सगळी प्रौढ माणसं समितीत दाखल झाली होती. सातव्या गल्लीतल्या कुनिएदा आजी राहिल्या. त्यांच्या मापाचं जाकीट शिल्लक नव्हतं, आणि गुडघ्यांमुळे त्या बाहेर पडत नसल्याने हरकतही नव्हती.

आता सगळेच पहारा देणारे झाल्यामुळे पहारा कुणावर द्यायचा, हा प्रश्न होता. होंगोंनी तोही सोडवला. "सराव करू," ते म्हणाले. "दर महिन्याला एका घराने संशयित पुरवायचा. पाळी लावून."

पहिला संशयित होण्याचा मान एबिसावांनी स्वतःहून मागून घेतला. लिफ्ट तपासताना ते नेहमी आधी स्वतः आत उभे राहत.

*

सरावाच्या दिवशी दुपारी त्यांनी जाकीट उतरवलं, जुना कोट, कानटोपी आणि मास्क चढवला.

"कसा दिसतो?" त्यांनी सुमिएबाईंना विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. "रविवारी दिसता तसे."

एबिसावा बाहेर पडले. फाटकांतून डोकावले. कचऱ्याच्या जाळीपाशी विनाकारण रेंगाळले. एका सायकलीच्या सीटवर हात फिरवला. जाकीटवाल्या तुकड्या समोरून येत, त्यांना पाहून एकदम आकाशाकडे पाहू लागत आणि पुढे जाऊन फोन काढत. कारण सूचना अशी होती की संशयिताशी बोलू नये, त्याला अडवू नये, फक्त कळवावं. संदेश सगळ्यांच्याच फोनवर जात असल्याने ते एबिसावांच्याही खिशात वाजत होते. पहिल्या संदेशात ते साठीचे होते. दुसऱ्यात सत्तरीचे. तिसऱ्यात 'ऐंशीच्या घरातला, पाय ओढत चालणारा'. हा उकाईबाईंचा होता. त्या एबिसावांना तीस वर्षं ओळखत होत्या. एबिसावा थांबून दोन्ही पायांकडे पाहू लागले. मग ताठ चालायला लागले. लगेच चौथा संदेश आला: 'आता पळतो आहे.'

त्या संदेशांना कंटाळूनच ते सातव्या गल्लीत वळले आणि घटनास्थळाची पाहणी तरी करावी म्हणून कुनिएदा आजींच्या कुंपणावरून वाकले. मुळ्यांची दोरी अजून वळचणीला होती.

"अहो एबिसावासान!" आतून आवाज आला. "कुंपणात तोंड घालून काय शोधताय?"

कुनिएदा आजी तरुणपणी सहलीच्या बसमध्ये माइक धरून प्रवाशांना देवळं दाखवत असत. वय चौऱ्याऐंशी झालं तरी आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता.

"आजी, मला ओळखू नका," एबिसावा हळूच म्हणाले. "आज मी संशयित आहे."

"बरं. मग संशयितासारखे मागच्या दाराने या. पुढच्या दाराशी पसारा आहे."

आत ऊब होती. आजींनी चहा ओतला, संत्री पुढे सरकवली, ताटलीत लोणचं ठेवलं. एबिसावांना आपल्या जबाबदारीची जाणीव झाली.

"मुळ्यांच्या प्रकरणात काही धागादोरा?" त्यांनी विचारलं.

"धागा कसला? ते काय, तुमच्या ताटलीत आहेत."

"सापडले?"

"हरवले कधी?" आजी म्हणाल्या. "मीच उतरवले, मीच घातले लोणच्याला. खा की."

एबिसावांच्या तोंडात एक फोड होती. ती चावावी की पुरावा म्हणून बाहेर काढावी हे त्यांना समजेना. "पण... तुम्ही तक्रार केलीत."

"केली ना! म्हणून तर चौकीतला नागमिने आला. गुणी मुलगा आहे. बूट काढून, मांडी घालून बसला. मुळे केवढे, कुणी टांगले, कधी टांगले, घरात आणखी कोण असतं, नवरा कधी गेला, गुडघ्याला काय लावता, सगळं लिहून घेतलं त्याने. तीन मुळ्यांना पन्नास मिनिटं बसला हो. चार सांगितले असते तर तासभर बसला असता."

"आजी, एवढंच होतं तर मला सांगायचं. मी रोज येतो तुमच्या दारावर."

"येता ना. बाहेरून ओरडता, 'कुनिएदासान, सगळं ठीक?' मग मी हातातलं खाली ठेवते, भिंतीला धरून उठते, हा गुडघा सरळ करते, मग तो, आणि दारापर्यंत पोचते, तोवर तुम्ही पलीकडच्या दारात, 'सगळं ठीक?'" त्यांनी त्यांची नक्कल इतकी हुबेहूब केली की एबिसावांना आपला आवाज पहिल्यांदा ऐकू आला. तो आवाज उत्तराची वाट पाहत नव्हता.

समितीच्या मासिक अहवालात कुनिएदा आजींच्या घरापुढे रोज एक बरोबरची खूण असे. (त्या रकान्याचं नाव 'प्रत्यक्ष संपर्क' होतं.)

एबिसावांनी फोड चावली. लोणचं उत्तम होतं. त्यांना वाईट याचंच वाटलं की ते अजून मागावंसं वाटत होतं. आजी मात्र बोलत सुटल्या होत्या: कुठल्या घाटात बस बंद पडली, तेव्हा प्रवाशांना गप्प बसवायला त्यांनी कुठली खोटी दंतकथा रचून सांगितली, आणि ती आता तिथल्या फलकावर कशी लिहिली आहे. एबिसावा हसले. मास्क हनुवटीवर आला होता आणि ते तो वर ओढायला विसरले होते.

ते बाहेर पडले तेव्हा सराव संपला होता. 'आपल्या सतर्कतेमुळे संशयिताने वसाहतीच्या हद्दीबाहेर पळ काढला,' असा संदेश येऊन सगळे घरी गेले होते.

*

एबिसावांना त्या रात्रीपासून झोप लागेना. आयुष्यभर त्यांनी चुकीच्या कागदावर सही केली नव्हती, आणि आता त्यांचा लाल खांब घराघरांत फिरून आला होता. वर्षअखेरच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगून टाकलं की मुळे चोरीला गेलेच नव्हते, आजींनी ते खाल्ले, सबब यंदाचा गुन्हा एकच, सबब वाढ शून्य टक्के. त्यांना वाटलं, सगळ्यांना हायसं वाटेल.

कुणालाच वाटलं नाही.

"एबिसावासान," होंगो सौम्यपणे म्हणाले, "चार कॅमेरे शंभर टक्क्यांवर मंजूर झालेत. शून्य टक्क्यांवर वळणावरचा आरसासुद्धा मिळत नाही."

"पण चोरी झालीच नाही."

"थांबा," उकाईबाई म्हणाल्या. मुलांची भांडणं सोडवण्यात त्यांची हयात गेली होती. "पोलिसांकडे खोटी तक्रार करणं हा गुन्हा आहे की नाही?"

"आहे," दोघातिघांनी म्हटलं.

"मग छत्री एक, खोटी तक्रार दोन. आकडा दोनच राहतो. वाढ शंभर टक्केच."

सभागृहात सुटकेचा निःश्वास पसरला. शिवाय हा गुन्हा अधिक सोयीचा होता, कारण त्यात गुन्हेगार सापडलेला होता. ठराव मांडण्यात आला: कुनिएदा यांच्याविरुद्ध पोलिसांकडे लेखी कळवावं, त्यांचं नाव लोकजागृतीसाठी फिरत्या फलकावर लावावं, आणि त्यांच्या घरावर विशेष नजर ठेवावी. आम्ही सर्वांनी हात वर केले. खोलीत हीटर एकच होता आणि जेवणाची वेळ टळत चालली होती.

एबिसावांचा हात वर गेला नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंचं नाव फलकाला डकवून दारोदार फिरणार, आणि शेवटी तो फलक त्यांच्याच दारात येणार, आणि त्या भिंतीला धरून उठून तो घ्यायला येणार, हे त्यांना दिसलं.

"मुळे मी नेले," ते म्हणाले.



"आत्ताच तर म्हणालात, आजींनी खाल्ले," होंगो म्हणाले.

"चोर दुसरं काय सांगणार?"

वर्गात हे शिकवलं नव्हतं.

"पण का?" उकाईबाईंनी विचारलं. "तुमच्यासारख्या माणसाने? मुळे?"

एबिसावांनी कारणाचा विचार केलेला नव्हता. ते तोंडाला येईल ते बोलले. "गेल्या वर्षी एक होता, यंदाही एकच होता. दोन्ही खांब सारखे येत होते. मग समितीची कुणाला गरज राहिली असती? मला..." ते थांबले. "मला जाकीट परत करायचं नव्हतं."

चोरी खोटी होती. हे शेवटचं वाक्य तसं नव्हतं, आणि ते उच्चारल्यावर एबिसावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आम्हाला मात्र त्यांचा हेतू ताबडतोब पटला. एकानेही आणखी खुलासा मागितला नाही. खोलीतल्या प्रत्येकाने जाकीट घातलेलं होतं.

एबिसावांनी आपलं काढलं, नीट घडी केली, वर शिट्टी ठेवली आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी हवालदार नागमिने त्यांना घेऊन कुनिएदा आजींकडे गेला. हा तिशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस रीतसर म्हणाला, "आजी, हे म्हणतात की तुमचे मुळे यांनी नेले."

नागमिनेच्या पाठीमागून एबिसावा भुवया उडवत होते. आजींनी दोघांकडे पाहिलं. मग त्यांनी पाठ ताठ केली, तळहात उताणा करून उजवा हात हळुवार बाजूला नेला आणि घाटातल्या त्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "आपल्या मागच्या बाजूला दिसत आहे, तोच तो सुप्रसिद्ध चोर."

नागमिनेने वहीत मान घातली. तक्रारीच्या दिवशी त्याला चहाबरोबर काय वाढलं होतं आणि त्याने ते दोनदा मागून घेतलं होतं, हे त्याला आठवत असावं. पुरावा आपल्याच पोटात गेल्याचं कुठल्याही रकान्यात बसत नव्हतं. "प्रकरण आपसांत मिटतंय का?" त्याने विचारलं. "यांनी घरी येऊन माफी मागितली तर चालेल?"

"चालेल," आजी म्हणाल्या. "पण एकदम तीन मुळ्यांची नको. दर मुळ्याची वेगळी मागू दे."

*

तिसऱ्या दिवशी सुमिएबाईंचा संताप बाहेर पडला.

"मुळे? तुम्ही? घरात कधी एक मुळा चिरलात? सोललात? बाजारात ओळखून तरी दाखवाल का? चोरायचंच होतं तर ज्यातलं कळतं ते काही चोरायचं होतं!"

"लिफ्ट कशी चोरणार?" एबिसावा म्हणाले.

त्यांनी मग खरं काय ते सांगितलं. "मी काय विचार करून तुम्हाला घराबाहेर काढलं होतं," सुमिएबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही किती बाहेर गेलात." पण पुढच्या माफीला निघताना त्यांनी त्यांच्या हातात उकडलेल्या भाताच्या गोळ्यांचा डबा दिला, आणि त्याच्या पुढच्या माफीला त्या स्वतःच बरोबर निघाल्या, कुटुंबीयांनी चोराला वाऱ्यावर सोडू नये, असं त्यांचं म्हणणं पडलं.

बाकी वसाहतीत मात्र एबिसावांचे दिवस कठीण गेले. जाकीट नसल्याने त्यांना कुणाशी बोलता येत नव्हतं, आणि चोर असल्याने कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. ते समोरून आले की आम्ही आकाशाकडे पाहत असू. त्या हिवाळ्यात आम्ही आकाश फार पाहिलं. समितीने त्यांच्या आलेखाच्या जागी नवा आलेख केला. त्यात गुन्हे उघडकीस येण्याचं प्रमाण शून्यावरून पन्नास टक्क्यांवर गेलेलं दिसत होतं, आणि त्याबद्दल नगरपालिकेने आम्हाला चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्रक दिलं.

जानेवारीत दुसरी लाट आली. चौथ्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या शिंपीकाकांची बागेतली झारी गेली. दवाखान्यामागच्या विधवा बाईंची उजव्या पायाची सपात गेली. (डावी होती.) कुणाच्या कपड्यांच्या चिमट्यांचा पुडा गेला, कुणाचं बर्फ ओढायचं खोरं. नागमिने घरोघर बूट काढून बसू लागला. तक्रारदार सगळे एकटे राहणारे, सगळ्यांकडे चहाचं पाणी आधीच उकळत असलेलं, हा कल एबिसावांच्या वर्गात शिकवलेला नव्हता. चौकशीत आणखी एक साम्य आढळलं. चोर कोण असावा, असं विचारलं की सगळे एकच नाव सांगत.

"एबिसावासान," शिंपीकाकांनी फोन केला, "माझी झारी तुम्हीच नेलीत, हो ना?"

एबिसावा फोन धरून उभे राहिले. सुमिएबाई स्वयंपाकघरातून पाहत होत्या.

"हो," ते म्हणाले. "माफी मागायला कधी येऊ?"

"गुरुवार. चारनंतर. मला मासा जमतो बरा, जेवूनच जा."

फेब्रुवारीपर्यंत त्यांचे सगळे वार भरले. ते आता कुणाच्या दारावरून ओरडत नाहीत. घंटा वाजवतात आणि उभे राहतात. आतलं माणूस हातातलं ठेवतं, उठतं, एक गुडघा सरळ करतं, मग दुसरा. एबिसावा थांबलेले असतात. पोलिसांच्या भाषेत ज्याला 'पाहिजे असलेला इसम' म्हणतात, तसा आमच्या वसाहतीत हा एकच आहे.

मागच्या आठवड्यात त्यांना एक फोन आला. पलीकडचा माणूस बराच वेळ नुसता घसा साफ करत होता. अध्यक्ष होंगो. त्यांची पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती, हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं. मंडळाच्या वतीने फुलं पाठवल्याची नोंद आहे.

"एबिसावासान," ते म्हणाले, "माझ्याकडूनही... काहीतरी गेलेलं दिसतंय."

"काय गेलं?"

"ते अजून ठरलं नाही."

"हरकत नाही," एबिसावा म्हणाले. "मीच नेलं असणार. उद्या येतो."

सुझुमेदाईतील गुन्हेगारी आता गेल्या वर्षीच्या नऊशे टक्क्यांवर गेली आहे आणि आसपासच्या वसाहती आमच्याकडे भीतीने पाहतात. आपल्या वस्तीत असं काही नाही, याचा वाचकांना आनंद होत असेल, आणि तो रास्तच आहे. तरी अभिनंदनाचा ठराव मांडण्यापूर्वी एकदा आठवून पाहावं: पार्सलवाला, मीटर पाहायला येणारा आणि चुकून भलत्याच घरी आलेला, हे तिघे सोडून तुमच्या दाराची घंटा शेवटची कुणी वाजवली होती? आठवत नसेल, तर तुमच्याकडेही चोरी झालेली आहे. तुम्ही ती अजून नोंदवलेली नाही, इतकंच.